सर्व्हिसिंगनंतर निकामी झालेले इंजिन : दोष नेमका कुणाचा?

स्पोर्ट्स कार अधिकृत डीलरच्या सर्व्हिस सेंटरमधून धुऊन-पुसून बाहेर येते आणि पुढच्या काहीशे किलोमीटरच्या आतच तिच्या इंजिनातून धातूवर धातू आपटल्यासारखा ठोका ऐकू येऊ लागतो. मालकाचे म्हणणे असते, गाडी दिली तेव्हा धडधाकट होती. डीलरचे उत्तरही ठरलेले असते : आम्ही ऑइल आणि फिल्टर तेवढा बदलला, इंजिन उघडलेलेच नाही. नवे इंजिन बसवायचे तर बिल लाखांच्या घरात जाते आणि वाद विकोपाला पोहोचतो. गंमत अशी, की दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता असते. म्हणून निवाड्यापूर्वी इंजिनात काय घडते ते पाहावे लागते.

या प्रकाराचे बोलके उदाहरण जपानी मोटारींचे आहे. टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेड या जुळ्या स्पोर्ट्स कार २०१२ पासून जपानमधील गुन्मा प्रांतातील सुबारूच्याच कारखान्यात तयार होऊ लागल्या. अमेरिकेत पहिली काही वर्षे टोयोटाची गाडी ‘सायन एफआर-एस’ या नावाने विकली जाई. दोहोंत दोन लिटरचे ‘बॉक्सर’ इंजिन होते. त्याचे चार सिलिंडर उभे नसून दोन डावीकडे, दोन उजवीकडे असे आडवे असतात. त्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर ती रस्ता धरून राहते.

या इंजिनाची कमाल शक्ती मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर मिळते. त्या वेगाला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे ५८ वेळा उघडतो आणि मिटतो. तो मिटवणारी स्प्रिंग सुरुवातीच्या गाड्यांत तुटू शकते, असे आढळल्याने नोव्हेंबर २०१८ मध्ये सुबारूने जगभरातील सुमारे चार लाख मोटारी परत बोलावल्या. त्यांत या दोन स्पोर्ट्स कारही होत्या. दुरुस्ती अर्थातच मोफत होती.

खरी कथा येथून पुढे सुरू होते. बॉक्सर इंजिनाचे व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंना चॅसीला जवळजवळ चिकटून असतात. स्प्रिंग बदलायची तर संपूर्ण इंजिन गाडीबाहेर काढणे, पुढचे टायमिंग कव्हर उतरवणे आणि मग सारे पुन्हा जुळवणे भाग होते. ही कव्हरे बसवताना कडेला द्रवरूप सीलंटची बारीक रेघ ओढली जाते. ती नेमकी तेवढीच असावी लागते. जास्त झाली, तर कव्हर आवळताना सीलंट आतल्या बाजूला दबून बाहेर येते, वाळते, त्याचे तुकडे पडतात आणि ऑइलबरोबर वाहत इंजिनाच्या तळाशी असलेल्या जाळीवर जाऊन अडकतात. ऑइल पंप ज्या नळीतून ऑइल खेचतो तिच्याच तोंडाशी ही जाळी असते. २०१९ मध्ये अमेरिकेत ही दुरुस्ती झालेल्या गाड्यांची इंजिने थोड्याच दिवसांत निकामी झाल्याच्या तक्रारी मालकांनी वाहन-सुरक्षा यंत्रणेकडे नोंदवल्या आणि सीलंटचे कारण चर्चेत आले. इंजिन वाचवण्यासाठी केलेल्या कामानेच काही इंजिनांचा घात केला, असा हा मामला.

सीलंटच्या एवढ्याशा तुकड्याने पोलादी इंजिन का मोडावे? क्रँकशाफ्ट बेअरिंगमध्ये फिरतो तेव्हा दोन धातूंचा प्रत्यक्ष स्पर्श होत नाही. मध्ये ऑइलचा काही मायक्रॉन जाडीचा पडदा असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून कल्पना यावी. ऑइलचा पुरवठा क्षणभर जरी अडला, तरी हा पडदा फाटतो, धातू धातूला घासतो, बेअरिंगचा मऊ थर वितळून पुसला जातो आणि ठोका सुरू होतो. कुटुंबाच्या साध्या मोटारीत हाच बिघाड हळूहळू वाढेल, कदाचित वर्षभर कळणारही नाही. उच्च फेऱ्यांच्या इंजिनात मात्र त्याला काही मिनिटे पुरतात. त्यातून चोर्ला किंवा आंबोली घाटाची वळणे जोरात घेतली जात असतील, तर ऑइल चेंबरच्या एका कडेला लोटले जाते. पातळी आधीच कमी असेल, तर नळीच्या तोंडाशी नुसती हवा उरते.

इंजिन न उघडताही सर्व्हिसिंगमध्ये घात होऊ शकतो. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहते, तिच्यावर नवा फिल्टर बसतो, आणि दोन रिंगांमधून दाबाखालचे ऑइल रस्त्यावर सांडते. ड्रेन प्लग नीट आवळलेला नसतो. ऑइल चुकीच्या ग्रेडचे असते : बीएमडब्ल्यूच्या काही जुन्या ‘एम’ इंजिनांना १०डब्ल्यू-६० असे जाड ऑइल लागते, तर वर सांगितलेल्या जपानी इंजिनाला ०डब्ल्यू-२० असे पातळ. आपल्याकडे ‘ऑइल वरपर्यंत भरून द्या’ असे सांगण्याची सवय आहे, तीही घातकच. जादा ऑइलला क्रँकशाफ्ट घुसळतो, त्याला फेस येतो, आणि फेसाचा पडदा भार पेलत नाही. काही स्पोर्ट्स कारमध्ये ऑइल वेगळ्या टाकीत असते. तेथे पातळी कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने, इंजिन पुरेसे गरम असतानाच मोजावी लागते. इतर गाड्यांची सवय असलेला कारागीर येथे सहज फसतो.

आता डीलरची बाजू. सर्व्हिसिंगनंतर इंजिन बिघडले म्हणजे सर्व्हिसिंगमुळेच बिघडले, असे नव्हे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून आलेल्या पोर्शे बॉक्सस्टर आणि ९११ च्या अनेक इंजिनांत मधल्या शाफ्टचे एक बेअरिंग कमकुवत ठरले होते. ते आदल्या दिवशी ऑइल बदलले म्हणून थांबत नाही. दुसरे कारण चालकाच्या हातात असते. पाचव्या गिअरमधून चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला, तर चाके इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवतात. अशा अतिवेगाची नोंद पोर्शेसारख्या गाड्यांचा संगणक श्रेणीनिहाय साठवून ठेवतो आणि वॉरंटीच्या दाव्यात ती सर्वप्रथम पाहिली जाते. मालकाने खोटे बोलण्यात म्हणूनच अर्थ नसतो.

प्रश्न पुराव्याचा आहे, आणि पुरावा फार लवकर नाहीसा होतो. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा बहुतेक गाड्यांत दाब अगदी तळाला गेल्यावरच लागतो. तो लागताच रस्त्याच्या कडेला थांबून इंजिन बंद करावे आणि ‘पाहू या’ म्हणून पुन्हा चालू करू नये. गाडी ओढत न नेता फ्लॅटबेडवर चढवावी. डॅशबोर्ड, किलोमीटरची नोंद आणि गाडीखालचे ऑइलचे डाग यांची छायाचित्रे घ्यावीत. जॉब कार्ड व बिल जपावे, कारण कोणत्या ग्रेडचे किती ऑइल भरले ते त्यांतच असते. पुढची पायरी बहुतेक जण विसरतात. इंजिन उघडण्याआधी लेखी कळवून, स्वतंत्र सर्व्हेअरच्या उपस्थितीत, ऑइलचा नमुना आणि फिल्टर सीलबंद करून घ्यावा. प्रयोगशाळेत त्यात तांबे, शिसे, कथील सापडले तर ते बेअरिंगचे असण्याची शक्यता मोठी असते. सिलिकॉनचे प्रमाण वाढलेले असेल तर धूळ किंवा सीलंट यांपैकी एकाकडे बोट जाते.

वाहन विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो, तेव्हा तेथून फारशी आशा नाही. उरतो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. सेवेतील निष्काळजीपणा आणि महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणे, दोन्ही त्याच्या कलम २(११) नुसार सेवेतील त्रुटीत मोडतात. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. त्रुटी सिद्ध करण्याचा भार प्रथम तक्रारदारावरच असतो, म्हणून तज्ज्ञाचा अहवाल नसलेले प्रकरण सहसा लंगडे पडते. गोव्यातील वाचकांच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी तरतूद कलम ३४ ची आहे. सर्व्हिसिंग मुंबईत वा बंगळूरला झाले असले, तरी तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो तेथील जिल्हा आयोगाकडे, म्हणजे उत्तर वा दक्षिण गोव्यातच, त्याला तक्रार दाखल करता येते. तक्रार ऑनलाइनही करता येते. त्यापूर्वी सामोपचाराने मिटवायचे असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.