कयाकनं बेटावर मुक्कामाला जायचंय? मग आधी कालनिर्णय बघा

तंबू, कयाक, बेटावरची रात्र… असले रील्स बघून आपल्यालाही वाटतं, एकदा जाऊ. मग डोक्यात येतं अंदमान किंवा लक्षद्वीप. लक्षद्वीपला तर भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो.

पण कबनूरकरांसाठी बेटं इतकी लांब नाहीत. घाट उतरून मालवण तालुक्यात गेलं, की गड नदी समुद्राला मिळते तिथं कालावल खाडी आहे. तिच्यात खोत जुवासारखी बेटं आहेत. तिकडे बेटाला जुवाच म्हणतात.

पंचगंगेत पोहता येतं, मग खाडीत काय अवघड?

पंचगंगा एकाच दिशेला वाहते. खाडी दिवसातून चार वेळा दिशा बदलते. साधारण सहा तास भरतीचं पाणी आत येतं, पुढचे सहा तास ओहोटीचं बाहेर जातं. उलट्या प्रवाहात वल्हं मारून माणूस दमतो, कयाक मात्र जागची हलत नाही.

भरतीची वेळ कशी कळणार?

कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर 8 गुणिले पाऊण म्हणजे 6. मुंबईत साधारण सहाच्या सुमारास पूर्ण भरती. मालवणकडे ती थोडी आधी येते. हा झाला अंदाज. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचं तक्ता देणारं ॲप बघा आणि गावातल्या मच्छीमारांना विचारा.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग असते, ओढ कमी. नवख्यांनी भांगेचेच दिवस धरावेत.

वाऱ्याचं काय?

शाळेतला भूगोल आठवा. दुपारी समुद्राकडून खारे वारे, रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारे. आता अष्टमीचा बेत जुळवून बघा:

- दुपारी अडीच ते पाच: भरती आणि खारे वारे दोन्ही आत ढकलतात. मुखापासून आत, बेटाकडे जा.
- दुसऱ्या दिवशी सकाळी सात ते नऊ: ओहोटी आणि मतलई वारे दोन्ही परत आणतात.

खरा धोका या परतीतच आहे. पाणी शांत दिसतं, कयाक आपोआप पळते आणि तेच दोघं तुम्हाला मुखातून थेट समुद्रात नेऊ शकतात. म्हणून उतरायची जागा मुखाच्या बरीच आधी ठरवा. ती चुकणार असं वाटलं, तर जवळचा कुठलाही काठ गाठा.

सोबत काय घ्यायचं?

- लाइफ जॅकेट: अंगात घालून, पट्टे आवळून. कयाकमध्ये ठेवलेलं जॅकेट उपयोगाचं नाही.
- पाणी: माणशी दिवसाला किमान 4 लिटर. खाडीचं पाणी खारं असतं.
- मोबाईल, पॉवर बँक, शिट्टी: मोबाईल आणि पॉवर बँक पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, शिट्टी गळ्यात.
- टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, ओआरएस: उन्हात वल्हवताना घामाचा अंदाज येत नाही.

तंबू कुठे ठोकायचा?

जुवा म्हणजे ओसाड बेट नव्हे. खोत जुव्यावर माणसं राहतात, जमिनीला मालक आहे. आधी विचारा, मगच मुक्काम करा. काठावर वाळलेल्या काटक्या-कचऱ्याची रेघ दिसते, तिथवर पाणी येऊन गेलेलं असतं. तंबू तिच्या बराच वर लावा. कांदळवन तोडू नका, त्याला कायद्याचं संरक्षण आहे.

कधी जायचं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात अजिबात नको. 1 जून ते 31 जुलै राज्यात यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद असते. जिथं रोजचे दर्यावर्दी थांबतात, तिथं आपण कशाला?

निघण्यापूर्वी घरच्यांना तीन गोष्टी लिहून द्या: कुठून निघणार, कुठे मुक्काम आणि किती वाजता परत. ती वेळ टळून तासभर झाला, की त्यांनी काय करायचं हेही ठरवून ठेवा. तटरक्षक दलाचा आपत्कालीन नंबर आहे 1554, आणि 112 तर आहेच.

कयाक भाड्यानं मिळेल, तंबू मित्राकडून आणता येईल. पण तारीख ठरवताना सुट्टीआधी तिथी बघा.