पिंग किती हाय तुझा?

आखातात मुलं वाढवलेल्या कुठल्याही आईला विचारा, जून ते सप्टेंबर हे महिने कसे जातात? बहारीनमध्ये पारा चाळिशीच्या वर, त्यात समुद्राची दमट हवा. दुपारी गाडीच्या दाराला हात लावला तरी चटका बसतो. गुदैबिया, हूरा, सलमानिया या भागांत आपली मंडळी बहुतेक फ्लॅटमध्येच राहतात. खाली अंगण नाही, आहे ते पार्किंग. ‘जा रे, खाली जाऊन खेळ’ हे वाक्य गावाकडच्या आया दिवसातून दहा वेळा म्हणतात, इथं ते ऑक्टोबर उजाडल्याशिवाय म्हणता येत नाही.

त्यामुळे इथल्या मुलांचं मैदान बरीच वर्षं घरातला कॉम्प्युटर होता. मोबाईलवर सगळं यायच्या आधीचे, टेलिफोनच्या तारेतून नेट यायचं तेव्हाचे दिवस. पुण्या-मुंबईचे नातेवाईक ‘तुमची पोरं सदा कॉम्प्युटरला चिकटलेली’ असं म्हणायचे तेव्हा आम्ही हसून सोडून द्यायचो. पण त्या चिकटण्यातून आमच्या घरात जे घडलं, ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

बहारीनमध्ये इंटरनेट आलं १९९५ मध्ये, म्हणजे भारतात विदेश संचार निगमनं ते सर्वांसाठी सुरू केलं त्याच वर्षी. इथली टेलिफोन कंपनी एकच, १९८१ मध्ये स्थापन झालेली बटेल्को. सुरुवातीला सगळं डायल-अप. मोडेमची ती किरकिर, मग शिट्टी, आणि जोडणी झाली की घरचा फोन बंद! भारतातून कुणी फोन करत असेल तर त्याला एंगेज टोन. तासन् तास फोन लागला नाही की सांगलीला आई काळजीत पडायची आणि दुसऱ्या दिवशी विचारायची, ‘काय गं, सगळं ठीक आहे ना?’

२००० नंतरच्या वर्षांत हळूहळू घरोघरी एडीएसएल आलं. तार तीच, तांब्याची. पण बोलण्याचा आवाज त्या तारेवर खालच्या कंपनसंख्येत जातो आणि नेटची माहिती वरच्या. भिंतीपाशी एक छोटा फिल्टर लावला की दोघं एकमेकांच्या पायात येत नाहीत. फोन आणि नेट एकाच वेळी! आज हसू येईल, पण २५६ किंवा ५१२ केबीपीएस हा वेग तेव्हा थाटाचा वाटायचा. दरही थाटाचेच होते. एका दिनारला सव्वाशेच्या आसपास रुपये पडायचे त्या काळात प्रत्येक बिलाचा मनातल्या मनात रुपयांत गुणाकार व्हायचा. २००२ मध्ये दूरसंचाराचा नवा कायदा झाला, नियामक संस्था आली, २००३ मध्ये दुसरी मोबाईल कंपनी सुरू झाली आणि जुलै २००४ पासून बाजार पूर्ण खुला झाला. त्यानंतर नेट ही चैन न राहता घरातली गरज होत गेली.

एडीएसएलमधला पहिला ‘ए’ म्हणजे असमान. माहिती खाली येण्याचा रस्ता रुंद, वर पाठवण्याचा अरुंद. हे मला मुलानं शिकवलं, तेही ओरडून. मी भावाला गणपतीचे फोटो ईमेलनं पाठवायला बसले की आतल्या खोलीतून हाक यायची, ‘आई, अपलोड थांबव! माझा पिंग हजारावर गेलाय!’

पिंग म्हणजे काय, हे या पिढीच्या पालकांना वेगळं सांगायला नको. तरी आजी-आजोबा वाचत असतील तर सांगते. तुमच्या कॉम्प्युटरनं समोरच्याला हाक मारली आणि त्याची ‘ओ’ परत आली, याला लागलेला वेळ म्हणजे पिंग. तो मोजतात सेकंदाच्या हजाराव्या भागात. ५० असेल तर उत्तम, १५० असेल तर चालवून घ्यायचं, ४०० असेल तर समोरचा माणूस तुम्हाला दिसतो तिथून केव्हाच निघून गेलेला असतो.

आता गंमत बघा. बहारीन ते मुंबई हवाई अंतर सुमारे २४०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे सरळ तार असती तर जाऊन-येऊन २४ मिलिसेकंद पुरले असते. प्रत्यक्षात आमच्या घरून सांगलीचा पिंग ३०० ते ४०० च्या घरात असायचा आणि युरोपातल्या सर्व्हरचा त्याहून कमी! कारण दोन्हीकडच्या नेट कंपन्यांचे रस्ते एकमेकांना थेट मिळत नव्हते. मनामातून निघालेली हाक आधी युरोपात, कधी पार अमेरिकेत जायची आणि तिथून वळून सांगलीला यायची. विमानानं साडेतीन-चार तासांवरचा मामा नेटवर लंडनपेक्षा लांब होता.

आणि मुलाला खेळायचं होतं ते नेमकं मामाच्या मुलाशी.

दोघं जवळपास एका वयाचे. वर्षातून एकदा, जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत आम्ही सांगलीला जायचो. पण तेव्हा तिथल्या शाळा सुरू झालेल्या असायच्या. पहिले चार दिवस दोघं एकमेकांकडे पाहुण्यासारखे बघायचे, पंधराव्या दिवशी गट्टी जमायची आणि विसाव्या दिवशी आमचं परतीचं विमान. आखातातल्या प्रत्येक घराला हे गणित ठाऊक आहे. भावंडं असतात, पण भावंडपण रुजायला जो रिकामा वेळ लागतो, तो सुट्टीत मिळत नाही.

इथं इंडियन स्कूलमध्ये त्याचे मित्र होते मल्याळी, तमिळ, मंगळुरी. त्यांची भाषा इंग्रजी आणि मोडकी हिंदी. ही मुलं काउंटर-स्ट्राइक खेळायची. त्या खेळात कुणी कुणासाठी थांबत नाही. तुमचा पिंग जास्त तर तुम्ही आधी मरता, संपलं. सांगलीबरोबर एकदा त्यांनी तो प्रयोग केला आणि अर्ध्या तासात दोघं रुसून बसले. ‘मी आधी गोळी मारली होती’, ‘मला दिसलाच नाहीस तू’ यापलीकडे गाडी जाईना.

मग त्यांना सापडला एज ऑफ एम्पायर्सचा दुसरा भाग, १९९९ चा. गावं वसवायची, लाकूड तोडायचं, शेती करायची, सैन्य उभारायचं. हा खेळ त्यांच्या जोडणीवर चालला, यामागचं कारण मला फार आवडतं. या मालिकेचा पहिला खेळ २८.८ च्या मोडेमवरही आठ जणांना खेळता यावा, या हिशेबानं बांधला होता. शेकडो सैनिक कुठे उभे आहेत ही माहिती तारेतून जातच नाही. जातात त्या फक्त आज्ञा. आपल्याकडे लेझीम खेळताना कुणी प्रत्येकाला पाय कुठे टाकायचा ते सांगत नाही. हलगीचा ठेका मिळाला की सगळे तीच पावलं टाकतात. तसंच इथं. प्रत्येक कॉम्प्युटर आपापल्या घरी तोच खेळ खेळतो, आज्ञा थोड्या पुढच्या ठेक्याला सगळीकडे एकदमच पाळली जाते. आणि एकाचा ठेका चुकला तर बाकीचे त्याच्यासाठी थांबतात. सांगलीचं नेट अडखळलं की बहारीनमधले घोडेस्वारही जागच्या जागी उभे!

दोन घरांतले कॉम्प्युटर थेट जोडायला ते हमाची नावाचं एक सॉफ्टवेअर वापरायचे. त्यामुळे दोन्ही कॉम्प्युटरना आपण एकाच खोलीत, एकाच नेटवर्कवर आहोत असं वाटायचं. कॉम्प्युटरना वाटायचं, आणि थोडंफार पोरांनाही. शेजारी स्काइप उघडं, कानाला हेडफोन.

खरी अडचण होती घड्याळाची. आपल्यात अडीच तासांचा फरक. २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं आणि पुढे सांगलीतल्या भावानंही ते घेतलं. दिवसा मोजका डेटा आणि रात्री २ ते सकाळी ८ कितीही वापरा, असा त्यांचा प्लॅन होता. रात्रीचे २ म्हणजे आमचे साडेअकरा. त्यात सुट्ट्या जुळेनात. बहारीनमध्ये आधी गुरुवार-शुक्रवारची सुट्टी होती, सप्टेंबर २००६ पासून ती शुक्रवार-शनिवार झाली. शुक्रवारी रात्री आमचा मोकळा, तर तिकडे शनिवारची सकाळची शाळा. शनिवारी रात्री तिकडचा मोकळा, तर रविवारी आमची शाळा.

एक दिवस वहिनीचा फोन आला. ‘ताई, रात्री दोनचा गजर लावून उठतंय हे पोरगं. अभ्यासाला उठ म्हटलं तर सातला हलवून जागं करावं लागतं. तुम्हीच सांगा तुमच्या चिरंजीवांना.’ तिचं चूक नव्हतं. त्यात लोडशेडिंगचे दिवस. अडीचला वीज गेली की गजर वाया, झोप वाया, पोरगं सकाळी चिडचिडं.

आम्ही दोन्ही घरांनी मिळून खेळ बंद करायचं ठरवत आणलं होतं. तेव्हा पोरांनी हिशेब मांडला. खेळ २८.८ च्या मोडेमसाठी बनलेला, म्हणजे पूर्ण वेगानं धरला तरी तासाला १३ एमबीच्या वर जात नाही. स्काइपवर नुसता आवाज, त्याचे आणखी थोडे. दिवसाचा डेटा खातं ते गाणी आणि सिनेमे उतरवणं, खेळणं नव्हे. मग रात्री कशाला? भाच्यानं वहीच्या पानावर गुणाकार करून भावासमोर ठेवला. भाऊ बँकेतला, आकड्याला मान देणारा. निकाल लागला : शनिवारी दुपारी, सांगलीचे ४, आमचे दीड, दोन तास. गजर बंद.

पुढची तीन-चार वर्षं शनिवारी दीड वाजता जेवण उरकलेलं असायचं. मी भांडी आवरताना ऐकायची. आधी ‘ब्रो, वेट’ म्हणणारं माझं पोरगं काही महिन्यांत ‘थांब की लगा’ म्हणायला लागलं! आम्ही घरात मराठी बोलायचो, पण ते आई-बाबांचं, जेवलास का, अभ्यास झाला का, एवढ्यापुरतं. भांडायचं, चिडवायचं, थाप मारायची, शरण जायचं मराठी त्याला आमच्याकडून मिळणं शक्य नव्हतं. ते मिळायला बरोबरीचं कुणी लागतं. ते त्याला हेडफोनमधून मिळालं, अस्सल सांगलीच्या हेलासकट. खेळाची सुरुवातच ठरलेली, ‘पिंग किती हाय तुझा?’ हे दोघांचं रामराम. अधूनमधून पलीकडून आजीचा आवाज यायचा, ‘विचार त्याला, जेवला का?’ आणि लढाईच्या ऐन भरात उत्तर जायचं, ‘जेवलो आजी, आमटी-भात.’

३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या. भारताची परदेशी नेटची निम्म्याच्या आसपास क्षमता गेली, आखातातही नेट रांगायला लागलं. दोनच दिवसांनी दुबईजवळ तिसरी केबल तुटली. तिथं नंतर समुद्रतळाशी टाकून दिलेला काही टनांचा नांगर सापडला. त्या शनिवारी पोरांनी तासभर प्रयत्न केला आणि मग साधा फोन लावला. पंधरा मिनिटं बोलत बसले. खेळाशिवाय, आपणहून, पहिल्यांदाच. त्या दिवशी मी आणि माझ्या नवऱ्यानं एकमेकांकडे बघितलं, बोललो काहीच नाही.

इथल्या मुलांचं पुढे काय होतं, तुम्हाला माहीत आहे. आपण इथे नोकरीच्या व्हिसावर. बारावी झाली की बहुतेकांना बॅग भरावी लागते, ‘परत’ म्हणून अशा गावी जायचं जिथं ते कधी राहिलेलेच नसतात. आमचा मुलगा इंजिनिअरिंगला सांगलीला गेला. वसतिगृह, पाणी, मेस या सगळ्याचे हाल झालेच. पण स्टेशनवर भाचा त्याच्या चार मित्रांना घेऊन आला होता आणि त्या चौघांना हा आवाजानं ओळखत होता. कधी ना कधी त्यांनीही शनिवारी त्याच्या गावावर हल्ला केलेला होता! ‘आलास व्हय बहारीन’ म्हणत त्यांनी बॅगा उचलल्या. त्याच्याबरोबर इथून गेलेली काही मुलं पहिलं वर्षभर खोलीतून बाहेर पडली नाहीत. सगळं श्रेय मी खेळाला देणार नाही, पण थोडं तरी त्या शनिवारांना द्यावंच लागेल.

आता चित्र उलटं झालंय. जुलै २०१९ मध्ये ॲमेझॉननं आपलं मध्यपूर्वेतलं पहिलं क्लाउड केंद्र बहारीनमध्ये सुरू केलं. ज्या देशातून प्रत्येक सर्व्हर लांब होता, तिथेच आता सर्व्हर उभे आहेत. आमच्या इमारतीतली लहान मुलं पिंग पंचविसाच्या आत नसेल तर तक्रार करतात. त्यांच्या आया मला विचारतात, काकू, किती वेळ खेळू द्यायचं? तासांचं उत्तर माझ्याकडे नाही. मी एवढंच विचारते, कुणाशी खेळतो? आणि गावाकडचं कुणी आहे का त्यात? नसेल तर एखाद्या मावसभावाला, आत्तेबहिणीला घ्या म्हणावं. आठवड्यातला एक ठरावीक तास पुरतो. खेळ कुठला ते पोरांना ठरवू द्या.

आमचा मुलगा आता पुण्यात, भाचा जर्मनीत. २०१९ मध्ये त्या जुन्या एज ऑफ एम्पायर्सची नवी आवृत्ती आली, तेव्हापासून महिन्यातून एखाद्या शनिवारी दोघं पुन्हा बसतात. मागच्या महिन्यात मी पुण्याला होते. दुपारी आतल्या खोलीतून आवाज आला, ‘थांब की लगा, बायकोचा फोन आलाय.’ आणि पलीकडे जर्मनीतले घोडेस्वार थांबले.