परदेशी नवागत, हवाई दल आणि होमस्टेड

कायदा : अमेरिकेचा होमस्टेड कायदा अब्राहम लिंकन यांच्या सहीने २० मे १८६२ रोजी झाला. अल्प शुल्क भरून १६० एकरांपर्यंत (सुमारे ६५ हेक्टर) सरकारी जमीन मिळे. मुख्य अट अशी की, अर्जदाराने तिथे घर बांधून राहावे आणि जमीन कसावी. वास्तव्याची पाच वर्षांची मुदत १९१२ मध्ये तीन वर्षांवर आली.

परदेशी अर्जदार : नागरिक होण्याचा इरादा रीतसर जाहीर केलेल्या परदेशी माणसालाही अर्ज करता येई; मालकीपत्रासाठी मात्र नागरिकत्व आवश्यक होते.

गणवेश आणि नागरिकत्व : जून १९४१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाचे (‘आर्मी एअर फोर्सेस’) मनुष्यबळ १९४४ मध्ये सुमारे २४ लाखांवर गेले. मार्च १९४२ च्या कायद्याने सैन्यदलांतील परदेशी व्यक्तींसाठी नागरिकत्वाच्या वास्तव्याच्या अटी शिथिल केल्या. त्यामुळे हवाई दलात भरती झालेल्यांचीही जमिनीच्या मालकीतली मोठी अडचण दूर होऊ शकली.

सवलत : सप्टेंबर १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांना नव्याने खुल्या होणाऱ्या जमिनींवर अग्रहक्क दिला. सेवेचा काळ, कमाल दोन वर्षे, वास्तव्याच्या मुदतीत धरला जाई.

अलास्का : तोवर चांगली जमीन थोडीच उरली होती; अलास्कात मात्र ती अजून मिळत होती. केनाई द्वीपकल्पावर अनेक माजी सैनिकांनी जंगल तोडून शेते उभारली. थंडी, छोटा हंगाम आणि रस्त्यांचा अभाव यांमुळे अनेकांनी दावे सोडले.

शेवट : ही योजना १९७६ मध्ये बंद झाली, अलास्कात ती १९८६ पर्यंत चालली.