लेन्स नसलेला प्रोजेक्टर

कॉलेजच्या एकांकिकेत मागच्या पडद्यावर वाड्याची कमान हवी होती आणि प्रोजेक्टर भाड्याने घ्यायला पैसे नव्हते. मी प्लास्टिकच्या ट्रान्सपरन्सीवर कमान छापून ती हॅलोजन प्रोफाइल स्पॉटच्या गोबो स्लॉटमध्ये सरकवली. काही सेकंदांत वितळली. प्रयोगाला दोन दिवस होते. (गोबो पत्र्याचे का असतात, ते तेव्हा कळलं.)

मग लिनेबाख पद्धत वापरली. यात लेन्सच नसते. आतून काळ्या केलेल्या पत्र्याच्या पेटीत छोटा हॅलोजन बल्ब, समोर रंगवलेली टफन्ड काच. पडद्यावर दिसते ती काचेची रंगीत सावली. बल्बपासून काच 30 सेमी आणि पडदा 3 मीटरवर असेल, तर चित्र दहापट मोठं. प्रोफाइलमध्ये चित्र उलटं लावावं लागतं, इथे सरळच.

पण फिलामेंट 1 सेमी लांब असेल, तर त्या दिशेने प्रत्येक कड पडद्यावर 9 सेमी पसरते! नक्षी, विटा विसरा. कमान, डोंगर, ढग जमतात. म्हणून शक्य तितकं छोटं फिलामेंट शोधा, रिफ्लेक्टर काढा, हवेसाठी भोकं ठेवा. वायरिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच.

आम्ही पेटी नटांच्या मागे, जमिनीवर तिरकी ठेवली. त्यामुळे कमान वर रुंद दिसायला लागली, मग काचेवर ती वरच्या बाजूला अरुंद रंगवली.