बी.सी.जी.चा व्रण आणि बहिरा जागल्या

मंडळी, शाळेत आरोग्य तपासणी निघाली म्हणजे गुरुजी पोरांना डावी बाही वर करायला सांगतात. दंडावर टिकलीएवढा खळगा दिसला, की बी.सी.जी. टोचलेली आहे असे समजायचे. आपल्या धाराशिव जिल्ह्यात, परांड्यापासून उमरग्यापर्यंत, हा खळगा घरोघर सापडेल. आज त्याच्याविषयीच बोलायचे आहे. पण गोष्ट जाईल ती पार आपल्या सोयरिकीपर्यंत.

काल्मेत आणि गेरँ या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी गुरांच्या क्षयाचे जंतू बटाटा, ग्लिसरीन आणि पित्त यांवर तेरा वर्षे वाढवले. सुमारे दोनशे तीस वेळा एका नळीतून दुसऱ्या नळीत. होता होता जंतूंची नांगी गळाली, आणि १९२१ साली पॅरिसमध्ये एका बाळाला ही लस प्रथम दिली गेली. नांगी गळाली खरी, पण लशीतले जंतू जिवंत असतात, एवढे ध्यानात असू द्या.

शरीर त्यांचा बंदोबस्त कसा करते? पूर्वी गावात जागल्या असे. रात्री चोर सापडला तर तो त्याला धरी, पण एकट्याने आवरेना म्हणून हाळी देई. चावडीवरची माणसे ओ देऊन धावत येत. रक्तातल्या भक्षक पेशी म्हणजे हे जागले. त्या क्षयाचा जंतू गिळतात, पण गिळला म्हणजे मेला असे नव्हे. पोटातही तो तग धरून राहतो. मग भक्षक पेशी हाळी देते. तिचे नाव इंटरल्युकिन-१२. ती ऐकून दुसऱ्या लढाऊ पेशी ओ देतात. तिचे नाव इंटरफेरॉन गॅमा. ही ओ कानी पडली, की भक्षक पेशीला बळ येते आणि ती जंतू मारते.

ऐकायचे म्हणजे कान हवा. पेशीच्या अंगावर असे कान असतात, त्यांना शास्त्रात ‘ग्राही’ म्हणतात. कान कसा घडवायचा याची कृती जनुकात लिहिलेली असते. कृतीत चूक झाली, तर कान घडतच नाही किंवा बहिरा घडतो. बाकी मूल दिसायला धडधाकट. पण लशीचे गरीब जंतूदेखील त्याच्या अंगभर पसरतात.

हे कळले १९९६ साली. माल्टा बेटावरच्या एकाच गावातली, नात्यातली काही मुले, आणि ट्युनिशियातले बी.सी.जी. अंगभर पसरून दगावलेले एक बाळ, यांच्यात इंटरफेरॉनच्या ग्राहीचे जनुक बिघडलेले सापडले. १९९८ साली हाळी ऐकणाऱ्या कानाचा, म्हणजे इंटरल्युकिन-१२ च्या ग्राहीचा, बिघाडही उघडकीस आला. अशा मुलांना साल्मोनेला नावाच्या जंतूचा तापही पुन्हा पुन्हा छळतो.

इथे एखादी आजी विचारील, “अहो, मग आईबापाला कसं काही झालं नाही?” प्रश्न रास्त आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक बिघडली तरी दुसरीवर बहुधा निभावते. दोघांकडूनही बिघडलेलीच आली, तर मूल बहिऱ्या कानाचे निपजते. प्रत्येक बाळंतपणात ही शक्यता चारात एक. परक्या घराण्यातल्या दोघांत नेमकी तीच चूक असणे दुर्मिळ. पण आते-मामे भावंडांत जनुकांचा सुमारे आठवा हिस्सा एकाच आजी-आजोबांकडून आलेला असतो, मामा-भाचीत चौथा.

आपल्याकडे मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क समजतात. जमीन घरात राहते, पोरगी ओळखीच्या घरी पडते, ही कारणे मी हसण्यावारी नेणार नाही. अशा जोडप्यांची बहुतेक मुले निरोगीच असतात. मात्र जन्मजात गंभीर दोष इतरांत शेकडा दोन-तीन बाळांत आढळतात, ते इथे चार ते सहा बाळांत. सोयरीक ठरवताना हा आकडा बैठकीत कोणी बोलत नाही, बोलला जावा.

म्हणून लस टाळू नका बरे! लस पसरणे लाखो बाळांत एखाद्यालाच होते, आणि मेंदूच्या क्षयापासून हीच लस तान्ह्यांना वाचवते. टोचल्यावर काही आठवड्यांनी फोड येतो, पू येतो, खपली धरते. त्यावर हळद, चुना, पाला काही लावू नये. काखेत लहानशी गाठ आली, तरी ती बहुधा आपोआप जिरते. गाठ वाढून फुटली, मानेत-जांघेतही गाठी आल्या, ताप हटेना, बाळ वाळू लागले, तर मात्र जिल्ह्याच्या दवाखान्यात बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे. आणि आधीचे मूल तान्हेपणी अशाच दुखण्याने गेले असेल, तर पुढच्या बाळाला बी.सी.जी. टोचण्यापूर्वी डॉक्टरांना ते स्पष्ट सांगावे. आयाबाया हे बोलायला धजत नाहीत. तेव्हा शिक्षकांनी किंवा आशाताईंनी शेजारी उभे राहावे.

तपासणीची सोय आपल्या राज्यात आहे. मुंबईत परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था आहे. १९५७ साली रक्तगटांच्या कामासाठी ती सुरू झाली. आज तिथे अशा जन्मजात प्रतिकारदोषांचे निदान होते. निदान नेमके हवे, कारण उपचार त्यावर ठरतो. हाळी ऐकणारा कान बिघडला असेल, तर क्षयविरोधी औषधांबरोबर इंटरफेरॉनची सुई देता येते. चावडी ऐकेना, तरी ओ बाहेरून पुरवता येते. पण भक्षक पेशीचाच कान मुळात नसेल, तर कितीही इंटरफेरॉन टोचून काय उपयोग? तिथे जुळणाऱ्या दात्याच्या अस्थिमज्जेचे रोपण करावे लागते, आणि दाता शोधताना पहिली तपासणी होते ती सख्ख्या भावा-बहिणींची.