बेट शेजाऱ्याच्या दारात, मालकी तिसऱ्याची



गेल्या खरिपाच्या तोंडावर बियाण्याची उगवणक्षमता घरच्या घरी कशी तपासावी हे दाखवायला मी एका गावी गेलो होतो. बैठक संपायला रात्र झाली, म्हणून घरमालकांनी जेवायला थांबवून घेतले. ओसरीवर त्यांची नववीतली मुलगी नकाशाचे पुस्तक पसरून बसली होती. तिने मला जवळ बोलावले. "काका, हे बघा. हे बेट तुर्कस्तानला अगदी चिकटलंय. मग त्याच्याखाली ग्रीस असं का लिहिलंय? छापताना चूक झाली का?"

मी चष्मा लावून पाहिले. चूक नव्हती. तिचे वडील म्हणाले, "साहेब, ज्याच्या बांधाला लागून आहे त्याचंच असायला हवं ना?" मी विचारले, "तुमच्या विहिरीला लागून चुलतभावाचा तुकडा आहे, तो तुमचा का?" ते हसले. म्हणाले, "तो वाटणीत गेला."

त्या मुलीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर यातच आले. उरलेले निम्मे आज तुम्हाला सांगतो, कारण समुद्रातल्या बेटांची ही गोष्ट आपल्या शिवारातल्या गोष्टीहून फार निराळी नाही.

वाटणीपत्रात काय लिहिले?

त्या बेटाचे नाव कास्तेलोरिझो. क्षेत्र जेमतेम ९ चौरस किलोमीटर. तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून ते सुमारे २ किलोमीटरवर आहे. आपण गावातून वाडीवर जातो एवढेच अंतर. ग्रीसचे ऱ्होड्स हे मोठे बेट मात्र तेथून सव्वाशे किलोमीटर दूर आणि राजधानी अथेन्स ५०० किलोमीटरच्याही पलीकडे.

हा सारा मुलूख कित्येक शतके उस्मानी तुर्कांच्या साम्राज्यात होता. किनारा त्यांचा, बेटेही त्यांचीच. एकत्र कुटुंबाची जमीन असते तोवर कोणता तुकडा कोणाच्या घराजवळ याची फिकीर कोणी करत नाही. प्रश्न पडतो तो वाटणीच्या वेळी. १९१२ मध्ये इटलीचे तुर्कांशी युद्ध चालू होते. त्यात इटलीने ऱ्होड्स आणि आसपासची बेटे घेतली. त्याच वर्षाच्या अखेरीस बाल्कन युद्ध पेटले. समुद्रावर ग्रीक आरमार वरचढ ठरले आणि लेस्बोस, किओस ही बेटे ग्रीसच्या हाती गेली. या बेटांवरची बहुतेक वस्तीही ग्रीक बोलणाऱ्यांचीच होती. कास्तेलोरिझो १९१५ ते १९२१ फ्रेंचांकडे होते, पुढे ते इटलीकडे गेले.

मग झाले वाटणीपत्र. २४ जुलै १९२३ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरी तह झाला. त्यात बेटांची वाटणी नावानिशी लिहिली गेली. लेस्बोस, किओस, सामोस ग्रीसला. सामुद्रधुनीच्या तोंडावरची इम्ब्रोस आणि टेनेडोस तुर्कस्तानला. ऱ्होड्सच्या बाजूची बेटे इटलीला. आशियाच्या किनाऱ्यापासून ३ मैलांच्या आतली बेटे, वेगळे काही लिहिले नसेल तर, तुर्कस्तानकडे राहतील असेही कलम होते. कास्तेलोरिझो तर त्या ३ मैलांच्या आतच. पण त्याचे नाव घालून ते इटलीला दिले होते. दुसऱ्या महायुद्धात इटली हरली आणि १९४७ च्या तहाने ही बेटे ग्रीसला मिळाली. म्हणून दोन किलोमीटरवरचे बेट आज परक्या देशात आहे. अंतर कोणी मोजले नाही असे नाही. पण लिहिलेले नाव अंतरापेक्षा भारी पडले.

माणसे हलली, झाडे राहिली

वाटणी कागदावर दोन ओळींत होते. घरात तिला पिढ्या लागतात. त्याच १९२३ सालच्या जानेवारीत ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी माणसांच्या अदलाबदलीचा करार केला होता. तुर्कस्तानातल्या ख्रिस्ती लोकांनी ग्रीसमध्ये जायचे, ग्रीसमधल्या मुसलमानांनी तुर्कस्तानात. थोडे भाग वगळले तर कोणाला निवड नव्हती. युद्धात आधीच पळालेले धरून सुमारे १२ लाख माणसे एका बाजूला गेली आणि साडेतीन-चार लाख दुसऱ्या बाजूला.

लेस्बोस बेटासमोर तुर्की किनाऱ्यावर आयवालिक नावाचे गाव आहे. दोन्हीकडे ऑलिव्हच्या बागा. ऑलिव्ह हे तेलफळाचे झाड, शेकडो वर्षे जगते. आयवालिकचे ग्रीक बागायतदार आपली झाडे सोडून गेले. पुष्कळजण समोरच्या लेस्बोसवर उतरले. त्यांच्या बागांत लेस्बोस आणि क्रीट बेटांवरून आलेली मुसलमान कुटुंबे येऊन बसली. त्यांनीही मागे आपल्या बागा सोडल्याच होत्या. आजोबांनी लावलेली झाडे समुद्रापलीकडे डोळ्यांना दिसावीत आणि तोडणीला मात्र जाता येऊ नये, हे दुःख काय असते ते धरणात जमीन गेलेल्या आपल्या कुटुंबांना निराळे सांगायला नको.

पावती कोणाकडे?

पण जेथे नाव घालून लिहिलेले वाटणीपत्रच नाही, तेथे काय करायचे? याचा एक नामांकित निवाडा आहे.

फिलिपिन्सच्या दक्षिणेला पालमास, म्हणजेच मियांगास, नावाचे बेट आहे. लांबी दोन मैल, रुंदी मैलापेक्षा कमी, आणि निवाड्याच्या काळी वस्ती सुमारे ७५०. १८९८ मध्ये स्पेनने फिलिपिन्स अमेरिकेच्या हवाली केले. तहात समुद्रावर ज्या रेषा आखल्या, त्यांच्या आत हे बेट पडत होते. १९०६ च्या जानेवारीत अमेरिकन सेनापती लेनर्ड वुड 'आपले' बेट पाहायला गेले, तर तेथे डचांचे निशाण फडकत होते! आजचा इंडोनेशिया तेव्हा डचांच्या अमलाखाली होता.

वाद लवादाकडे गेला. माक्स हूबर या स्विस न्यायपंडितांनी ४ एप्रिल १९२८ रोजी निकाल दिला. अमेरिकेचे म्हणणे असे: बेट स्पेनने आधी शोधले, आम्हाला ते खरेदीत मिळाले, आणि ते फिलिपिन्सच्या जवळ आहे. डचांनी दप्तर पुढे केले: स्थानिक राजांशी केलेले करार, वाटलेली निशाणे, बेटावरच्या लोकांकडून वसूल केलेल्या कराच्या नोंदी.

हूबर यांनी तीन गोष्टी स्पष्ट केल्या. नुसते आधी पाहिले म्हणून जमीन कायमची आपली होत नाही. पुढे ती सांभाळावी लागते. ज्याच्याकडे मालकी नाही तो ती विकू शकत नाही. आणि जवळ आहे एवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही. डचांनी वर्षानुवर्षे, उघडपणे, कोणाची हरकत न येता कारभार केला होता, म्हणून बेट त्यांचे ठरले. पुढे डच गेले आणि इंडोनेशियाला ते वारशाने मिळाले. आपल्या भाषेत बोलायचे तर वहिवाट आणि साऱ्याची पावती जिंकली.

दहा एकर खडक, दोन आरमारे

कागद अर्धवट राहिला तर काय होते, हे पुन्हा ग्रीस-तुर्कस्तानकडेच पाहू. लोझानच्या तहात मोठ्या बेटांची नावे होती; लहानसहान खडकांना 'त्यांच्यावर अवलंबून असलेली बेटे' एवढेच म्हटले होते. ग्रीक ज्यांना इमिया आणि तुर्क ज्यांना कार्दाक म्हणतात, ते असे दोन खडक आहेत. दोन्ही मिळून दहा एकर. वस्ती नाही, शेळ्या तेवढ्या चरायच्या.

१९९५ च्या डिसेंबरात एक तुर्की मालवाहू जहाज तेथे रुतले आणि सोडवायला कोणी यायचे यावरून वाद निघाला. ग्रीसने १९३२ सालचा इटली-तुर्कस्तानचा कागद दाखवला. तुर्कस्तान म्हणाले, त्या कागदाची रीतसर नोंद झालेली नाही, आम्हाला तो मान्य नाही. आधी एकाने निशाण लावले, मग दुसऱ्याने ते काढून आपले लावले. १९९६ च्या जानेवारीअखेर दोन्ही आरमारे समोरासमोर उभी राहिली. ग्रीक नौदलाचे एक हेलिकॉप्टर कोसळून तीन अधिकारी प्राणांस मुकले. अमेरिकेने मध्ये पडून दोघांना मागे घेतले, तेव्हा युद्ध टळले. वाद आजही मिटलेला नाही.

दहा एकर खडकासाठी एवढे कशाला, असे तुम्ही म्हणाल. बांधावरच्या एका बाभळीसाठी भावाभावांत कुऱ्हाडी निघालेल्या आपण पाहिल्या आहेत. शिवाय बेटाबरोबर समुद्रही येतो. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानुसार बेटाभोवती १२ सागरी मैलांपर्यंत त्या देशाची हद्द धरता येते, आणि माणसे राहू शकतील असे बेट असेल तर मासळी व समुद्रतळाच्या संपत्तीवर २०० मैलांपर्यंत हक्क सांगता येतो.

आपल्याही ताटात

हे सगळे परदेशात घडते असे समजू नका. आपल्या निकोबारचे दक्षिण टोक इंडोनेशियाच्या सुमात्राजवळ आहे. भारताचा मुख्य किनारा तेथून हजार किलोमीटरपेक्षा लांब. ब्रिटिशांनी १८६९ मध्ये निकोबार घेतले, अंदमानात ते आधीच होते, आणि १९४७ मध्ये ही बेटे आपल्याकडे आली. नुसत्या जवळिकीवर निकाल लागला असता, तर हा समुद्र आपला राहिला नसता.

उलट बाजूला कच्चतीवू पाहा. रामेश्वरपासून सुमारे ३३ किलोमीटरवरचे २८५ एकरांचे बेट. त्यावर रामनाथपुरमच्या जमीनदारीचा जुना हक्क सांगितला जाई आणि श्रीलंकाही दावा करी. १९७४ च्या जूनमध्ये दोन्ही सरकारांनी करार केला आणि बेट श्रीलंकेच्या बाजूला गेले. आपल्या कोळ्यांना आणि यात्रेकरूंना तेथे जाण्याची मुभा त्यात ठेवली होती. पण १९७६ च्या पत्रव्यवहारात एकमेकांच्या पाण्यात मासेमारी बंद ठरली. सेंट अँटनीच्या जत्रेला भाविक आजही जातात. पण मासळीमागे हद्द ओलांडली की तमिळनाडूच्या कोळ्यांच्या होड्या पकडल्या जातात.

माझ्या घरचे बेट

आता एक घरचे सांगतो. माझ्या लहानपणी एका पुरात आमच्या ओढ्याने पात्र बदलले. आमच्या जमिनीचा अठरा गुंठ्यांचा तुकडा ओढ्यापलीकडे, शेजाऱ्याच्या शेताला लागून पडला. शेजाऱ्याने विचारले, "मी कसू का?" वडील म्हणाले, "तुमच्याच जवळ आहे, कसा." खंड ठरला नाही, चिठ्ठी झाली नाही. पुढे पीकपाहणीत त्याचे नाव लागत गेले आणि आमच्यापैकी कोणी चावडीवर जाऊन पाहिले नाही. वीस वर्षांनी तुकडा मागितला, तर त्याची मुले म्हणाली, "हा आमचाच." वडिलांनी परवानगी दिली होती हे खरे; पण सांगणार कोण? साक्षीदार वारले होते आणि कागद नव्हता. बारा वर्षांहून अधिक उघड ताब्याची गोष्ट निघाल्यावर वकिलांनीही मान हलवली. वडिलांनी नाद सोडला. पण तो ओढा ओलांडताना ते पलीकडे कधी पाहत नसत.

म्हणून सांगतो. घरात वडीलधारे वारले असतील तर वारसाचा फेरफार करून घ्या. आपला सातबारा वर्षातून एकदा तरी सगळ्या घराने वाचा, घरातल्या बायकांनीही. त्यावरची नोंद चुकीची सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, म्हणून चूक दिसली तर वेळेत हरकत घ्या. ई-पीक पाहणी दरवर्षी स्वतः करा. बांधाची मोजणी करून हद्दीचे दगड जागेवर ठेवा. आणि जमीन कोणाला प्रेमाने कसायला दिली, तरी दोन ओळी लिहून दोघांच्या सह्या घ्या. त्याने शेजारधर्म मोडत नाही, उलट पुढच्या पिढीतही टिकतो.

त्या रात्री जेवण झाल्यावर मुलीने नकाशाचे पुस्तक मिटले आणि वडिलांना विचारले, "आबा, आपल्या विहिरीजवळच्या तुकड्याचं वाटणीपत्र कुठं आहे?" आबांनी ट्रंक उघडली. वाटणीपत्र होते, एका बाजूने वाळवीने खाल्लेले. दुसऱ्या दिवशी ते नक्कल काढायला तालुक्याला गेले. तुमच्या ट्रंकेत काय आहे, ते आजच पाहून ठेवा.