विश्लेषण : शाळेत मुलं ‘मुख्यमंत्री’ निवडतात, पण सरपंच कसा निवडायचा हे त्यांना कोण शिकवणार?

शाळेतली निवडणूक म्हटलं की डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. पुठ्ठ्याचं मतदान केंद्र, बोटाला मार्करची शाई, मोबाइलवरचं मतदान यंत्राचं ॲप आणि शेवटी शालेय मंत्रिमंडळाचा शपथविधी. मुलांना मजा येते आणि बटण कसं दाबायचं हेही कळतं. पण बटण दाबण्याआधी उमेदवार कसा पारखायचा, याचा धडा त्यात बहुतेक वेळा नसतो.

हा धडा किती गरजेचा आहे, हे नंदुरबार जिल्ह्यातल्या एका गावाने पाच वर्षांपूर्वी राज्याला दाखवून दिलं होतं.

खोंडामळीत काय घडलं होतं?

जानेवारी २०२१ मध्ये राज्यातल्या १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींची निवडणूक होती. मतदान १५ जानेवारीला होणार होतं. त्याआधी दोन गावांमधले व्हिडिओ चर्चेत आले. एक गाव नाशिक जिल्ह्यातलं उमराणे, दुसरं नंदुरबार तालुक्यातलं खोंडामळी. दोन्हीकडे गावाच्या कारभाराचा चक्क लिलाव पुकारला गेला होता. उमराण्यात बोली २ कोटी ५ लाखांवर गेली, खोंडामळीत ४२ लाखांवर. पैसा मंदिराच्या कामाला जाणार, असं सांगितलं गेलं.

राज्य निवडणूक आयोगाने अहवाल मागवले, ध्वनिचित्रफिती तपासल्या आणि मतदानाला दोन दिवस उरलेले असताना, १३ जानेवारीला, दोन्ही गावांची संपूर्ण निवडणूक प्रक्रिया रद्द केली.

यातला मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. बिनविरोध निवडणूक बेकायदा नाही. एकाच जागेसाठी एकच अर्ज राहिला तर तो उमेदवार निवडून आल्याचं जाहीर होतं. पण पैशाची बोली लावून बाकीच्यांना माघार घ्यायला लावणं म्हणजे मतदाराचा निवडीचा हक्कच काढून घेणं. पैसा मंदिराला गेला किंवा शाळेला दिला, तरी त्यात फरक पडत नाही.

मग नंदुरबारमध्ये लोक मतदान करत नाहीत का?

उलट आहे. मे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत नंदुरबार मतदारसंघात ७० टक्क्यांहून अधिक मतदान झालं. राज्यात सर्वाधिक मतदान झालेल्या मतदारसंघांमध्ये त्याचं नाव होतं. राज्यातला लोकसभेचा क्रमांक एकचा मतदारसंघ हाच. विधानसभेचा क्रमांक एकचा मतदारसंघ अक्कलकुवा आणि त्यातलं पहिलं मतदान केंद्र मणिबेली, म्हणजे सरदार सरोवराच्या पाण्याकाठचं गाव. मतदान पथकाला तिथे बोटीने जावं लागतं.

त्यामुळे ‘मतदान करा’ एवढंच सांगणारी प्रभातफेरी या जिल्ह्याला पुरेशी नाही. लोक रांगेत उभे राहतातच. रांगेत उभं राहण्याआधी काय विचारायचं, हा खरा प्रश्न आहे.

पाठ्यपुस्तकात काय शिकवलं जातं?

राज्य मंडळाच्या सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि शहरी स्थानिक संस्था येतात. दहावीच्या राज्यशास्त्रात निवडणूक प्रक्रियेवर स्वतंत्र प्रकरण आहे. शिवाय भारत निवडणूक आयोगाने २०१८ पासून शाळा-महाविद्यालयांत मतदार साक्षरता मंडळं सुरू केली. शाळेतल्या मंडळांचा रोख नववी ते बारावीच्या ‘भावी मतदारां’वर आहे.

म्हणजे रचना आणि प्रक्रिया दोन्ही शिकवल्या जातात. पण सहावीतली ग्रामपंचायत आणि दहावीतली निवडणूक यांच्यात चार वर्षांचं अंतर पडतं. दोन्ही एकत्र आणून ‘आपल्या गावात, आपल्या प्रभागात’ काय होतं हे पाहायचं काम शिक्षकाच्या उत्साहावर राहतं.

शालेय मंत्रिमंडळात अडचण काय आहे?

अडचण नमुन्याची आहे. शाळा नक्कल करते मंत्रालयाची. मुलं थेट मतदानाने ‘मुख्यमंत्री’ निवडतात. प्रत्यक्षात मुख्यमंत्र्याला जनता थेट निवडत नाही. लोक आमदार निवडतात आणि ज्याच्या मागे बहुमत तो मुख्यमंत्री होतो. याउलट महाराष्ट्रात सरपंचाची निवड सध्या थेट मतदारांकडून होते. ही पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये बंद झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली.

दुसरी गोष्ट, शाळेत मूल एकच मत देतं. ग्रामपंचायतीला मतदार एकाहून जास्त मतं देतो : प्रभागातल्या दोन किंवा तीन सदस्यांसाठी आणि वर सरपंचासाठी वेगळं. पहिल्यांदा मतदान करणारा इथेच गोंधळतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. शपथविधीनंतर शालेय मंत्रिमंडळाला हिशेब कोणी विचारत नाही. गावात मात्र त्यासाठी ग्रामसभा आहे. कायद्याने वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात.

मग शाळेची ‘ग्रामपंचायत’ केली तर?

वेगळा खर्च लागत नाही. फक्त नमुना बदलायचा.

• वर्ग म्हणजे प्रभाग. प्रत्येक वर्गातून दोन सदस्य आणि सगळ्या शाळेतून एक सरपंच. मग प्रत्येक मुलाला तीन मतं द्यावी लागतात.

• आरक्षणाची सोडत. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमधल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. कोणती जागा राखीव हे सोडतीने ठरतं आणि तालुक्याच्या ठिकाणी होणाऱ्या सोडतीत चिठ्ठी अनेकदा शाळकरी मुलाच्याच हातून काढली जाते. ती चिठ्ठी का काढतात, हे वर्गात करून पाहिलं तर लगेच कळतं.

• अर्ज, छाननी, माघार. माघारीच्या दिवशी मुलांना एकच प्रश्न विचारायचा : तू स्वतःहून माघार घेतलीस की कोणी घ्यायला लावली? खोंडामळीचा धडा इथे बसतो.

• पक्षाविना चिन्हं. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. शाळेतही पाटी, कंदील, शिट्टी अशी चिन्हं पुरेत.

• नोटा ठेवायचाच. राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर २०१८ च्या आदेशानुसार, स्थानिक निवडणुकीत ‘वरीलपैकी कोणीही नाही’ला सर्वाधिक मतं पडली तर कोणालाही विजयी न ठरवता फेरनिवडणूक घ्यायची असते. लोकसभा-विधानसभेला असं होत नाही. हा फरक अनेक मोठ्या माणसांनाही ठाऊक नसतो.

• दोन महिन्यांनी ग्रामसभा. सगळी शाळा मैदानात बसेल. सरपंच आणि सदस्यांनी काय म्हटलं होतं आणि काय केलं, ते सांगायचं. प्रश्न कोणीही विचारू शकेल, पहिलीतलं मूलसुद्धा.

उमेदवार पारखायचा म्हणजे नेमकं काय बघायचं?

पाच प्रश्न पुरेसे आहेत. वर्गातल्या उमेदवाराला विचारता येतात आणि गावातल्याही.

१. हे काम या पदाच्या हातात आहे का?
२. पैसा कुठून येणार?
३. आधी गावासाठी किंवा वर्गासाठी काय केलं आहे?
४. कागद काय सांगतो?
५. जिंकल्यावर भेटणार कुठे आणि हिशेब कधी देणार?

चौथा प्रश्न शपथपत्राचा आहे. उमेदवाराला आपलं शिक्षण, मालमत्ता आणि गुन्हेगारी प्रकरणं जाहीर करावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनी मतदाराला ही माहिती मिळण्याचा हक्क मान्य केला. स्थानिक निवडणुकांतही अर्जासोबत हे शपथपत्र द्यावं लागतं आणि ते सार्वजनिक असतं. आठवीच्या मुलाला ते वाचता येतं. ‘गुन्हा दाखल आहे’ आणि ‘शिक्षा झाली आहे’ यातला फरक, किंवा जमीन स्वतःच्या नावावर आहे की पत्नीच्या, हे समजून घेणं मराठीच्या तासाला उतारा समजून घेण्यापेक्षा अवघड नाही.

पहिला प्रश्न अवघड का आहे?

कारण आश्वासन देणारा सगळंच देतो. शाळेतला उमेदवार म्हणतो, ‘रोज अर्धी सुट्टी.’ गावातला म्हणतो, ‘कॉलेज आणतो.’ दोघांच्याही हातात ते नसतं. ढोबळ वाटणी अशी :

• ग्रामपंचायत : गावातलं पिण्याचं पाणी, गटारी, दिवाबत्ती, अंतर्गत रस्ते, स्वच्छता.
• पंचायत समिती : तालुक्यात योजनांची अंमलबजावणी.
• जिल्हा परिषद : प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण रस्ते.
• राज्य सरकार : शासकीय आश्रमशाळा आणि वसतिगृहं आदिवासी विकास विभागाकडे. जिल्ह्यात त्यांची प्रकल्प कार्यालयं नंदुरबार आणि तळोद्याला आहेत.

शाळेच्या छताला गळती असेल तर शाळा कोणाची, यावर दार ठरतं. जिल्हा परिषदेची असेल तर एक दार, आश्रमशाळा असेल तर दुसरं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि स्थानिक संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधीही असतो. गावात निवडून आलेला माणूस शाळेपर्यंत कसा पोहोचतो, हे मुलांना इथे दिसतं.

नंदुरबारमध्ये आणखी काय शिकवायला हवं?

पेसा. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा आणि नवापूर हे तालुके पूर्ण, तर शहादा आणि नंदुरबार तालुके अंशतः अनुसूचित क्षेत्रात येतात. इथे १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम लागू आहेत. गौण वनोपज, दारूबंदी, योजनांचे लाभार्थी अशा विषयांत ग्रामसभेला विशेष अधिकार आहेत. ठरलेली प्रक्रिया पूर्ण करून एखादा पाडाही आपली स्वतंत्र ग्रामसभा मागू शकतो. या क्षेत्रात सरपंचपद अनुसूचित जमातीसाठी राखीव असतं. म्हणजे धडगावच्या मुलाला पुस्तकातली सर्वसाधारण ग्रामपंचायत शिकवून भागत नाही. त्याच्या गावाचे नियम वेगळे आहेत आणि बरेचसे गावाच्या बाजूचे आहेत.

भाषा हाही मुद्दा आहे. घरात भिली, पावरी किंवा मावची बोलणाऱ्या मुलाला ‘नामनिर्देशनपत्र’, ‘छाननी’, ‘अनामत’ हे शब्द नुसते पाठ करून उपयोग नाही. शाळेतली ग्रामसभा त्याच्या भाषेत झाली तर प्रश्न विचारणारे हात वाढतील.

तिसरी गोष्ट स्थलांतराची. दिवाळीनंतर जिल्ह्यातली अनेक कुटुंबं ऊसतोडीसाठी गुजरातकडे आणि इतरत्र जातात. डिसेंबर-जानेवारीत ग्रामपंचायतीचं मतदान आलं की घरातली मतं गावाबाहेर असतात. कधी उमेदवारच गाडी पाठवतो. ‘ज्याची गाडी त्यालाच मत का?’ हा प्रश्न मुलाने घरात विचारला, तरी त्या दिवशीचा तास सत्कारणी लागला म्हणायचं.

आणि एक नियम थेट मुलांनाच लागू होतो. १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्यांना सरपंच व्हायचं असेल तर किमान सातवी उत्तीर्ण असावं लागतं. ऊसतोडीला जाताना सहावीत शाळा सुटली, तर हे दारही बंद होतं.

शिक्षकांनी कुठे थांबायचं?

प्रचाराच्या उंबरठ्यावर. निवडणूक प्रचारात मुलांचा वापर करू नका, असे कडक निर्देश भारत निवडणूक आयोगाने ५ फेब्रुवारी २०२४ रोजी दिले. त्यानंतर काही दिवसांतच हिंगोली जिल्ह्यातल्या एका शाळेत एका आमदाराने मुलांना सांगितलं, की आईवडिलांनी मला मत दिलं नाही तर दोन दिवस जेवू नका. त्या व्हिडिओवरून बरीच टीका झाली.

वर्गात चालेल ते असं : पदाचे अधिकार, शपथपत्र कसं वाचायचं, प्रश्न कसे विचारायचे. चालणार नाही ते असं : खऱ्या उमेदवारांची तुलना करून कोण चांगलं ते सांगणं, पक्षांची चिन्हं वापरणं, घरचे कोणाला मत देणार हे मुलांना विचारणं. शेवटचं तर मतदानाच्या गुप्ततेच्याच विरोधात जातं.

घाई कशासाठी?

गणित साधं आहे. ग्रामपंचायतीची मुदत पाच वर्षांची. आज आठवीत असलेली मुलगी १३-१४ वर्षांची आहे. तिच्या गावात यंदा निवडणूक झाली तर पुढच्या निवडणुकीला ती १८ वर्षांची, म्हणजे मतदार असेल. त्याच्या पुढच्या निवडणुकीला तिचं वय २१ पार झालेलं असेल आणि ती स्वतः सरपंचपदासाठी अर्ज भरू शकेल. शाळेत हे शिकवायला तिच्याकडे उरलेत दहावीपर्यंतचे दोन-तीन तास नव्हे, दोन-तीन वर्षं. शाळेच्या वेळापत्रकात त्यासाठी एक मैदान आणि महिन्यातली एक दुपार लागेल.